शाळेचे शेवटचे वर्ष आणि बालभत्ता : आयर्लंडमधील एक सुधारणा

रब्बी ज्वारीला पेरणीपासून पोटरीपर्यंत पाणी मिळाले आणि नेमकी दाणा भरण्याच्या वेळची पाळी चुकली, तर काय होते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कणीस बाहेर पडते, परंतु दाणा बारीक राहतो. नांगरट, बी, खत, कोळपणी, राखण या सर्वांवर झालेला खर्च तेवढाच असतो. उत्पन्न मात्र घटते. शेवटची पाळी वाचविल्याने जी बचत होते ती अशा वेळी बचत ठरत नाही.

मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीतही असाच प्रसंग येतो. दहा-बारा वर्षे शाळेत गेलेला मुलगा अथवा मुलगी शेवटच्या परीक्षेच्या उंबरठ्यावर असताना घरातील आधार कमी झाला, तर आधीच्या वर्षांचे फळ धोक्यात येते. आयर्लंडमध्ये सरकारी बालभत्त्याच्या नियमामुळे हा प्रश्न अनेक वर्षे पडून होता. १ मे २०२४ पासून तेथील नियम बदलला आणि शाळेत शिकत असलेल्या अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठीही भत्ता मिळू लागला. हा बदल कसा घडला व त्यात कोणता विचार होता, हे समजून घेणे कृषिप्रधान समाजाला उपयुक्त आहे. कारण त्या देशातील भत्त्याचा इतिहास लहान शेतकऱ्यांच्या संसाराशी प्रारंभापासून निगडित आहे.

भत्त्याचा प्रारंभ

आयर्लंडमध्ये मुलांसाठी भत्ता देण्याचा कायदा १९४४ साली झाला. त्या वेळचे उद्योग व व्यापार मंत्री शॉन लेमास यांनी तो पुढे नेला. दुसऱ्या महायुद्धाचा तो काळ होता. देश युद्धापासून अलिप्त होता, तरी महागाई व टंचाई यांची झळ घरोघर पोहोचली होती. मोठ्या कुटुंबांत मिळकत एकाची व खाणारी तोंडे सात-आठ, अशी स्थिती सर्वत्र आढळे. कायद्याने घरातील तिसऱ्या व त्यापुढील प्रत्येक मुलामागे आठवड्यास २ शिलिंग ६ पेन्स देण्याची तरतूद केली. वयाची मर्यादा १६ वर्षे होती.

या योजनेचे एक वैशिष्ट्य विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. नोकरदारांच्या विमा योजनांत पगारातून वर्गणी कापली जाते; त्यामुळे ज्याला पगार नाही, त्याला त्यांचा लाभ मिळत नाही. आयर्लंडच्या पश्चिम भागातील थोड्या जमिनीवर राबणारा शेतकरी अशा योजनांच्या बाहेरच राहिला असता. मुलांचा भत्ता मात्र वर्गणीवर अथवा मिळकतीच्या चौकशीवर अवलंबून नव्हता. शेतमजूर, लहान शेतकरी, कारागीर व कारकून यांना एकाच नियमाने तो मिळू लागला. शेतकऱ्याचे उत्पन्न पाऊस, रोगराई व बाजारभाव यांप्रमाणे दर वर्षी बदलते. त्याचा काटेकोर हिशेब लावून मदत ठरविणे अवघड असते. सर्वांना सरसकट भत्ता देण्याच्या पद्धतीने ही अडचण दूर केली.

१९५२ साली दुसऱ्या मुलास व १९६३ साली पहिल्या मुलासही या भत्त्याचा लाभ मिळू लागला. प्रारंभी रक्कम कुटुंबप्रमुख म्हणून वडिलांच्या नावे असे. १९७४ मध्ये ती आईच्या हाती देण्याचे ठरले. मुलांचे जेवणखाण, कपडे व वह्यापुस्तके यांचा हिशेब बहुधा तीच ठेवीत असल्याने हा बदल व्यवहाराला धरून होता. १९८६ पासून या योजनेला बालभत्ता हे आजचे नाव मिळाले. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ही रक्कम बँकेत अथवा टपाल कचेरीत जमा होते.

शिक्षण लांबले, मर्यादा मागे राहिली

१९४४ साली आयर्लंडमध्ये सक्तीचे शिक्षण चौदाव्या वर्षी संपत असे. बहुसंख्य शेतकऱ्यांची मुले तेवढ्यावर शाळा सोडून शेतात, मजुरीवर अथवा परदेशी जहाजावर जात. त्यामुळे भत्त्याची १६ वर्षांची मर्यादा त्या काळी उदारच होती. माध्यमिक शाळांना फी असे, व त्या शाळा बहुधा शहरांत असत. खेड्यातील मुलास तेथे पाठविणे म्हणजे फीबरोबर राहण्याजेवण्याचाही खर्च सोसणे होय.

ही स्थिती पुढे पालटली. शिक्षणमंत्री डॉना ओमॅली यांनी सप्टेंबर १९६६ मध्ये मोफत माध्यमिक शिक्षणाची घोषणा केली आणि १९६७ पासून ती अमलात आली. त्याच वर्षी ग्रामीण मुलांना शाळेपर्यंत नेण्यासाठी बसगाड्यांची योजना सुरू झाली. फी गेली व वाहन दारापाशी आले. त्यामुळे लहान शेतकऱ्यांची मुले मोठ्या संख्येने माध्यमिक शाळेत जाऊ लागली. १९७२ साली सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा १५ वर्षांवर गेली, व पुढे २००० सालच्या कायद्याने ती १६ वर्षे झाली. भत्त्याचा नियमही १९७३ मध्ये बदलला. पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलांसाठी तो १८ वर्षांपर्यंत मिळू लागला. पुढील काळात ही मर्यादा एकोणिसाव्या वाढदिवसापर्यंत गेली.

शिक्षण लांबण्याचे आणखी एक कारण होते. १९७४ साली शिक्षणमंत्री रिचर्ड बर्क यांच्या प्रेरणेने ‘ट्रान्झिशन इयर’, म्हणजे संक्रमण वर्ष, प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. माध्यमिक शाळेची पहिली तीन वर्षे संपल्यावर हे ऐच्छिक चौथे वर्ष येते. त्यात मोठी सरकारी परीक्षा नसते. विद्यार्थी प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतात, समाजसेवा करतात व पुढील विषय निवडण्यापूर्वी आपला कल जाणून घेतात. १९९४ पासून हे वर्ष सर्व शाळांना खुले झाले व कालांतराने बहुसंख्य विद्यार्थी ते घेऊ लागले. परिणामी शाळेची शेवटची ‘लीव्हिंग सर्टिफिकेट’ परीक्षा देताना अनेकांचे वय अठरा वर्षांच्या पुढे जाऊ लागले.

२००८ ची काटकसर

२००८ साली आयर्लंडमधील बँका व बांधकामाचा धंदा कोसळला आणि सरकारी तिजोरीवर मोठा ताण पडला. ऑक्टोबर २००८ मध्ये मांडलेल्या अंदाजपत्रकात अठरा वर्षांच्या मुलांचा बालभत्ता जानेवारी २००९ पासून निम्मा व जानेवारी २०१० पासून पूर्ण बंद करण्याचे ठरले. त्याबरोबर इतर मुलांचा भत्ताही पुढील वर्षांत घटत गेला. पहिल्या मुलामागे २००९ मध्ये महिना १६६ युरो मिळत; २०१० मध्ये १५०, २०११ मध्ये १४० व २०१३ मध्ये १३० युरो मिळू लागले. अडचणीचा काळ सरल्यावर २०१५ मध्ये ही रक्कम १३५ व २०१६ मध्ये पुन्हा १४० युरो झाली.

रक्कम अंशतः भरून आली, परंतु अठराव्या वर्षाची मर्यादा तशीच राहिली. तात्पुरत्या निकडीतून घातलेले बंधन सुमारे चौदा वर्षे टिकले. सरकारी काटकसरीत असे पुष्कळदा घडते. ज्यांचा आवाज मोठा त्यांची कपात लवकर परत मिळते. ज्यांचा प्रश्न वर्षातील काही महिन्यांपुरता असतो, त्यांची कपात विस्मृतीत जाते. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याची आई एक वर्ष तक्रार करते. पुढील वर्षी मूल शाळेतून बाहेर पडलेले असते व तक्रार करणारी आई दुसरीच असते.

एका विद्यार्थ्याचा हिशेब

नियमाचा परिणाम समजण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये जन्मलेले मूल घ्यावे. आयर्लंडमध्ये मुले चौथ्या-पाचव्या वर्षी शाळेत जातात. हे मूल सप्टेंबर २०१० मध्ये शाळेत गेले. प्राथमिक शाळेची आठ वर्षे २०१८ मध्ये संपली. पुढे संक्रमण वर्ष न घेता पाच वर्षांत माध्यमिक शिक्षण पुरे केले, तर शेवटची परीक्षा जून २०२३ मध्ये, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच होते. भत्ता शाळा संपेपर्यंत अखंड मिळतो.

त्याच मुलाने संक्रमण वर्ष घेतले, तर परीक्षा जून २०२४ मध्ये येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये, शेवटच्या वर्षाला आरंभ होऊन जेमतेम दोन महिने होत नाहीत तोच, अठरा वर्षे पूर्ण होतात व भत्ता थांबतो. जुना नियम कायम असता, तर नोव्हेंबर ते जून या आठ महिन्यांचे, महिना १४० युरोप्रमाणे, १,१२० युरो घरात आले नसते. मे २०२४ पासून नियम बदलल्याने तोटा सहा महिन्यांचा, म्हणजे ८४० युरोंचा झाला.

दोन्ही उदाहरणांत मूल एक, घर एक, शाळा एक. फरक इतकाच की, शिक्षणखात्याने ज्या वर्षाची शिफारस केली ते वर्ष घेतल्याबद्दल समाजकल्याण खात्याचा नियम आईच्या हातातील पैसे काढून घेत होता. ज्याच्या घरी सुबत्ता आहे त्याला हे जाणवले नसेल. ज्या घरी दोन-तीन मुले शिकत आहेत, त्या घरी संक्रमण वर्ष घ्यावे की न घ्यावे या निर्णयात शिक्षणाबाहेरचा हा हिशेबही येऊन बसे.

शेतकरी कुटुंबाची विशेष अडचण

दुग्धव्यवसाय करणाऱ्या आयरिश शेतकऱ्याच्या घरी ही अडचण अधिक तीव्र होते. तेथील बहुसंख्य दुभत्या गायी वसंत ऋतूत, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वितात. गवताची वाढ व दुधाचे मान यांचा मेळ बसावा म्हणून ही पद्धत रूढ झाली आहे. या तीन महिन्यांत गोठ्यात रात्रंदिवस जागे राहावे लागते. अडलेली गाय सोडविणे, वासराला वेळेवर चीक पाजणे, आजारी जनावर वेगळे बांधणे, ही कामे उद्यावर टाकता येत नाहीत. घरातील अठरा वर्षांचा मुलगा अथवा मुलगी म्हणजे अशा वेळी कामाला तयार असा पूर्ण माणूस.

नेमक्या याच काळात शाळेत शेवटच्या परीक्षेची तयारी चालू असते. फेब्रुवारीच्या सुमारास सराव परीक्षा व वसंतात भाषांच्या तोंडी परीक्षा होतात, आणि जूनमध्ये लेखी परीक्षा येते. हंगामात एखादा रोजंदारीचा माणूस ठेवता आला, तर मुलाच्या अभ्यासाचे तास वाचतात. महिना १४० युरोंत मजूर ठेवता येत नाही हे खरे. परंतु शाळेचा प्रवास, पुस्तके व जेवण यांचा भार त्यातून निघाला, म्हणजे घरातील इतर पैसा मोकळा होतो. भत्ता थांबला की ती सोयही आक्रसते.

शेतीच करावयाची तर शाळा पूर्ण करून काय उपयोग, असा प्रश्न तेथेही पूर्वी विचारला जाई. आज तो मागे पडला आहे. कृषिविज्ञान हा शेवटच्या परीक्षेचा एक मान्य विषय आहे. १९८८ साली स्थापन झालेली ‘चागस्क’ ही सरकारी संस्था कृषिसंशोधन, विस्तार व शेतकी शिक्षण ही तिन्ही कामे पाहते. तिच्या अभ्यासक्रमातून मिळणारी शेतकी पात्रता तरुण शेतकऱ्यांसाठी असलेल्या कित्येक सवलतींना आवश्यक आहे. जमीन वडिलांकडून मिळते. ती चालविण्यासाठी लागणारे हिशेब, पशुआरोग्य, खते व कायदेकानू यांचे ज्ञान शिकूनच मिळवावे लागते. शेवटच्या वर्षी शाळा सोडणारा तरुण या वाटेवर एक पायरी मागे पडतो.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यांना भत्ता द्यावा या मागणीवर काही आक्षेप घेतले गेले. ते केवळ कंजूषपणाचे नव्हते. त्यांचा विचार करणे योग्य होते.

पहिला आक्षेप असा की, अठरा वर्षांची व्यक्ती कायद्याने सज्ञान असते. तिला मताचा अधिकार आहे. तिच्यासाठी बालभत्ता कशाला? याचे उत्तर असे की, भत्त्याचा आधार मुलाचे कायदेशीर वय नसून त्याचे अवलंबित्व आहे. सज्ञान झाल्याच्या दिवशी विद्यार्थी कमावता होत नाही. तो सकाळी त्याच बसने त्याच शाळेत जातो व दुपारी त्याच घरी जेवतो.

दुसरा आक्षेप असा की, हा भत्ता श्रीमंतालाही मिळतो. तोच पैसा गरिबांपुरता ठेवला, तर प्रत्येकास अधिक देता येईल. या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि मिळकतीची चौकशी म्हणजे अर्ज, दाखले, तपासणी व विलंब. ज्याचे उत्पन्न दर वर्षी वेगळे त्या शेतकऱ्यास एका वर्षाच्या आकड्यावरून पात्र अथवा अपात्र ठरविणे अन्यायाचे होऊ शकते. दुधाचा भाव चढलेल्या वर्षाचा हिशेब भाव पडलेल्या वर्षी लागू झाला, तर गरजेच्या वेळीच मदत नाकारली जाते. ब्रिटनने यावर निराळा मार्ग काढला. तेथे भत्ता सर्वांना देऊ करतात, परंतु जानेवारी २०१३ पासून अधिक मिळकतीच्या पालकांकडून तो करामार्फत अंशतः अथवा पूर्ण परत घेतला जातो. अर्थात त्या मार्गातही करआकारणीचा गुंता वाढतोच.

तिसरा आक्षेप खर्चाचा. त्याचे उत्तर प्रश्नाच्या मर्यादेतच आहे. उच्च शिक्षणाला गेल्यावर गरजू विद्यार्थ्यास शिष्यवृत्तीची निराळी व्यवस्था आहे. शाळेतील अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यास मात्र ती लागू होत नव्हती, व बालभत्ताही संपलेला असे. दोन योजनांच्या मधील काही महिन्यांची ही फट बुजवावयाची होती.

२०२४ चा निर्णय

ऑक्टोबर २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजपत्रकात पूर्णवेळ शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलामुलींस बालभत्ता देण्याची घोषणा झाली. त्या वेळी समाजकल्याण खाते हेदर हम्फ्रीज यांच्याकडे होते. प्रथम सप्टेंबर २०२४ हा मुहूर्त ठरला होता. तो अलीकडे ओढून १ मे २०२४ करण्यात आला, त्यामुळे त्या वर्षी जूनमध्ये परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरीही शेवटच्या महिन्यांत भत्ता पोहोचला. सुमारे ६० हजार मुलामुलींना याचा लाभ होईल असा सरकारी अंदाज होता. दर इतरांप्रमाणेच, महिना १४० युरो, व मर्यादा एकोणिसाव्या वाढदिवसापर्यंत.

सोळा वर्षांपर्यंत भत्ता मिळण्यास शाळेचा दाखला लागत नाही. त्यापुढे मूल पूर्णवेळ शिकत असल्याचे शाळेने प्रमाणित करावे लागते. अशा रीतीने भत्ता शाळेतील हजेरीशी जोडलेला राहतो.

नव्या मर्यादेने प्रश्न पूर्ण सुटला असे मात्र नाही. मार्च २००५ मध्ये जन्मलेले मूल साडेपाच वर्षांचे होऊन शाळेत गेले व त्याने संक्रमण वर्ष घेतले, तर परीक्षेपूर्वीच ते एकोणीस वर्षांचे होते. आजारपणामुळे एखादे वर्ष वाया गेलेल्या विद्यार्थ्याचीही हीच गत. त्याच बेटावरील उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनचा नियम लागू असल्याने, मान्य शालेय अथवा व्यावसायिक शिक्षण चालू असेल तर २००६ पासून विसाव्या वाढदिवसापर्यंत भत्ता मिळू शकतो. सीमेच्या अलीकडे व पलीकडे राहणाऱ्या दोन शेतकऱ्यांच्या मुलांत एवढा फरक आहे.

इतर देशांतही मार्ग निरनिराळे आहेत. स्वीडनमध्ये सर्वसाधारण बालभत्ता सोळाव्या वर्षी संपतो. त्यापुढे माध्यमिक शाळेत शिकणाऱ्यास वर्षातील दहा महिने अभ्यासभत्ता मिळतो, व विनाकारण गैरहजेरी झाल्यास तो थांबविता येतो. जर्मनीत शिक्षण अथवा उमेदवारी चालू असेल तर पंचवीस वर्षांपर्यंत बालभत्ता मिळू शकतो. या सर्व नियमांत वयाबरोबर शिक्षणाची पायरी विचारात घेतलेली आहे.

ध्यानात घेण्याजोगा बोध

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा प्रश्न परका नाही. भारतात २००९ च्या कायद्याने मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वर्षांपर्यंत दिला आहे, आणि शाळेतील मध्यान्ह भोजन आठवीपर्यंत मिळते. त्यानंतरची चार वर्षे, नववी ते बारावी, घरच्या ऐपतीवर अधिक अवलंबून असतात. आणि शेतात कामाला हात हवा असतो तोही याच वयात. २०२३ साली राज्य शासनाने सुरू केलेल्या लेक लाडकी योजनेत पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांतील मुलीस जन्माच्या वेळी ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार व अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५ हजार रुपये देण्याची तरतूद आहे. १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी ही योजना असल्याने अकरावीचा हप्ता मिळण्यास अजून अवधी आहे. मदत शिक्षणाच्या टप्प्यांशी जोडावी हे तत्त्व मात्र तीत स्पष्ट दिसते.

आयर्लंडच्या उदाहरणावरून दोन गोष्टी शिकता येतात. कोणत्याही शैक्षणिक सवलतीत वयाची मर्यादा व प्रत्यक्ष शाळेचा काळ यांचा मेळ आहे की नाही, हे वेळोवेळी तपासले पाहिजे. शाळेची वर्षे वाढली व मर्यादा तीच राहिली, तर सवलत गरजेच्या वेळीच संपते. दुसरी गोष्ट घराघरातील आहे. दहावी-बारावीच्या वर्षी सुगी, ऊसतोडणी अथवा गोठ्याचे काम मुलावर सोपविण्यापूर्वी परीक्षेचे वेळापत्रक पाहून कामाची आखणी आधीच करावी, शाळेकडून मिळणाऱ्या सवलतींची चौकशी वर्षाच्या आरंभी करावी आणि लागणारे दाखले मुदतीपूर्वी तयार ठेवावेत.

पिकाला शेवटचे पाणी देताना शेतकरी आधीच्या खर्चाचा हिशेब करीत बसत नाही. दाणा भरावा एवढेच तो पाहतो. शाळेच्या शेवटच्या वर्षी घराने व शासनाने तेवढेच पाहावयाचे असते.